घोड्याची सासू कोणत्या पानावर?

“कोणत्या पानावर आहे? दाखव ना मला! घोड्याची सासू कोणत्या पानावर आहे?”

माझी भाची फाटकातूनच ओरडत आली. वय अकरा, वजन एखाद्या छत्रीइतकं, पण आवाज असा की शेजारून सिमेंटचा ट्रक गेला तरी कूस न बदलणारी आमच्या बनशंकरी भागातली कुत्री उठून रांगेत बसली. समोरच्या गच्चीवर संडिगे, म्हणजे आपले सांडगे, वाळत घालणाऱ्या आजी हातातलं ताट ठेवून कठड्याशी आल्या. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नाही, पण कुणाची हजामत चाललीय एवढं त्यांना बरोबर कळलं.

“तिसऱ्या प्रकरणात मरते तो घोडा! मेला तो, मामा! त्याचं लग्नच नाही झालं, तर सासू आली कुठून?”

तिच्या हातात जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. मीच निवडलेली, मीच आणलेली आणि रोज संध्याकाळी मीच तिला मराठीत वाचून दाखवत असलेली. घोडा तिसऱ्या प्रकरणात मरतो ही बातमी मलाही त्या क्षणीच कळत होती.

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग पुन्हा वर घेतलं. तोंड लपवायला बंगळुरात याहून मोठा कागद मिळत नाही.

आमचं घराणं इथे शेकडो वर्षांपूर्वी आलं. मी नवीन माणसाला असं सांगतो की आमचे पूर्वज घोड्यावरून थेट तंजावरला निघाले होते, हेब्बाळला येऊन ट्रॅफिकमध्ये अडकले, आणि वाट मोकळी होईपर्यंत त्यांना नातवंडं झाली म्हणून इथेच राहिले. माझं बोलणं हे असं. घरच्यांना माझं माप ठाऊक आहे. मी कोणताही आकडा सांगितला की त्याला चारानं भागायचं, असा नियम माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, मी शाळेत असतानाच काढला होता, आणि ऑफिसात माझ्या साहेबांनी तो न सांगता शोधून काढला.

पण भाचीला हा भागाकार कुणी शिकवला नव्हता. अक्का लग्न होऊन नागपूरला गेली ती तिकडचीच झाली. आता भावजींना इथल्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसात बदली मिळाली. ते तिकडचं आवरून यायचे होते, पण मुलीची शाळा थांबणार नव्हती, म्हणून अक्का आणि भाची पुढे येऊन माझ्याकडे राहिल्या. पोरगी पाचवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. नागपुरात ती वर्गाची मॉनिटर होती, स्नेहसंमेलनात तिच्या हातून माइक काढून घ्यावा लागायचा. इथल्या इंग्रजी शाळेत ती सकाळी एकदा “प्रेझेंट मिस” म्हणायची, आणि मग सुटेपर्यंत तिचं तोंड कुलूपबंद. डबासुद्धा एकटी खाते, असं अक्का मला हळू आवाजात सांगायची.

त्या शाळेत दर शनिवारी एका मुलानं उभं राहून आपण वाचत असलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं असतं. भाचीची पाळी महिन्याभरावर आली होती. तिच्या टीचरनी सांगितलं होतं, तुला हसू येईल असं काहीतरी घे. पोरीला राक्षस, चेटकिणी, उडते गालिचे असलं सगळं आवडायचं. अक्का मला म्हणाली, “अरे, तू जातोस ना त्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात? तिला असं जादूबिदूचं, गमतीचं एखादं घेऊन दे. सोपं घे हं.”

मी त्या दुकानात जातो हे खरं. दुकानाच्या खाली एक कॉफीवाला आहे.

“सोपं?” मी म्हणालो. “अक्का, विनोदी जादूच्या कादंबऱ्यांत मी लहानाचा मोठा झालो. अशा दीडशे वाचल्या असतील मी.”

अक्कानं मनातल्या मनात भागलं असणार. तरी सदतीस उरल्या. खरा आकडा शून्य होता आणि शून्याला भागायची तिला सवय नव्हती.

दुकानात तीन मजले पुस्तकं. जिन्यातसुद्धा पुस्तकं, चढताना कुणाच्या तरी आत्मचरित्रावर पाय पडतो. मुलांच्या विभागात भाची गुडघ्यांवर बसून शोधायला लागली आणि थोड्या वेळानं एक बारीकसं पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. मुखपृष्ठावर मुकुट घातलेली शेळी. आत मोठी अक्षरं, दर पानावर चित्र. ती शेळी राज्य चालवते आणि मंत्र्यांचे कागद खाते, असं चित्रांवरूनच दिसत होतं. भाची ते उघडून मला काहीतरी दाखवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, नागपूर सोडल्यापासून मी पाहिलं नव्हतं असं, ओठ आत घेऊन दाबलेलं हसू होतं.

मी ते पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं. “हे बाळांचं गं,” म्हणालो, आणि कप्प्यात मागे सरकवून दिलं. सहावीतली भाची बकरीचं पुस्तक घेऊन वर्गात उभी राहणार? आमच्या घराण्याची? मी वरच्या कप्प्यातली सगळ्यात जाड कादंबरी काढली. निवडण्याची माझी पद्धत अशी: मुखपृष्ठावर गंजलेल्या चिलखतातला सरदार घोड्यावर उलटा बसला होता, म्हणजे विनोदी. मागे चंद्र दोन होते, म्हणजे जादूची. आणि पुस्तक हातात धरल्यावर मनगट दुखलं, म्हणजे चांगली.

“ही मी वाचलीय,” मी म्हणालो. “हसून हसून दवाखान्यात न्यावं लागलं होतं मला.”

“खरंच, मामा?”

“सलाइन लावलं होतं.”

त्या संध्याकाळी व्हरांड्यात आम्ही बसलो. भाचीला त्यातलं इंग्रजी झेपेना, म्हणून मी वाचून मराठीत सांगायचं ठरलं. मी पहिलं वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. त्यात कळलं नाही असा एकही शब्द नव्हता, आणि गंमत कुठे आहे ते मात्र सापडेना. दुसरं वाक्य, तिसरं, तेच. लेखक प्रत्येक ओळीत डोळा मिचकावत होता हे मला दिसत होतं. कशाला मिचकावतोय, ते दिसत नव्हतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. हेब्बाळच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी इंग्रजीत चालली आहे. मी इंग्रजीत माफी मागतो, आठवण करून देतो, चूक दुसऱ्या टीमवर ढकलतो, आणि ती परत आली की पुन्हा माफी मागतो. फक्त मला इंग्रजीत हसता येत नाही. कॉलवर परदेशातला साहेब काही गमतीचं बोलला की सगळे हसतात आणि त्यांच्या मागून मी हसतो, अर्धा श्वास उशिरा. म्हणून मी फार मोठ्यानं हसतो. लोक म्हणतात, काय दिलखुलास माणूस आहे.

भाची वाट बघत होती. “काय लिहिलंय?”

मी पुस्तकात डोळे घातले आणि तोंड सोडलं.

मुखपृष्ठावर सरदार होता, घोडा होता, तेवढं भांडवल पुरे झालं. सरदाराचं चिलखत इतकं गंजलेलं की त्याला वाकता येत नाही, म्हणून घोडाच त्याला भरवतो. घोड्याला जादू येते, पण फक्त गुरुवारी. आणि मग तिसऱ्या संध्याकाळी, बिचाऱ्या घोड्याला गप्प बसवणारं कुणीतरी हवं म्हणून, मी घोड्याची सासू आणली. नाकात नथ. गाडीभर सामान घेऊन ती मोहिमेवर बरोबर निघते. राक्षस वाटेत आडवा आला तर त्याला विचारते, “तू कुणाचा रे? आईचं माहेर कुठलं?” आणि राक्षस माहेराची नावं आठवता आठवता रडायला लागतो.

भाची जमिनीवर लोळली. खरोखर लोळली, यात वाढवून सांगितलेलं काही नाही. अक्का स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारात उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. कितीतरी आठवड्यांनी पोरगी अशी हसत होती.

मग काय, मला आवरायला कोण होतं? श्वास संपला की मी पान उलटायचो. एकदा भाचीनं डोकं पुढे घालून विचारलं, “मामा, एवढं सगळं एका पानावर?”

“इंग्रजी फार दाट असतं,” मी म्हणालो. “साबुदाण्यासारखं. मराठीत भिजवलं की फुगतं.”

तिनं मान हलवली. बरोबरच होतं तिचं. पुस्तक उघडून बसलेला मोठा माणूस पुस्तकातलंच सांगणार, यापेक्षा वेगळं काही असतं हे त्या पोरीला कुठून माहीत असणार? मामाच्या गप्पा एखाद्या दिवशी तिनं भागल्याही असत्या. पण छापलेलं कोण भागतं?

शनिवारच्या आदल्या संध्याकाळी तिनं सासू आणि राक्षसाचा भाग इंग्रजीत बसवला. तिनं मराठीत सांगायचं, मी इंग्रजी करून द्यायचं. त्यात मी वाकबगार. नथ अडली तेवढी, तिचं आम्ही ‘बिग नोज रिंग’ केलं.

वर्गात काय झालं ते मला त्या शनिवारी दुपारी फाटकापासून व्हरांड्यापर्यंतच्या आरडाओरड्यात कळलं.

ती उभी राहिली. बोलायला लागली. आणि वर्ग हसला, छान हसला. मागच्या बाकावरच्या मुलीनं टाळीसुद्धा वाजवली. मग खिडकीजवळच्या एकीनं हात वर केला. तिनं ती कादंबरी सुट्टीत वाचली होती. ती म्हणाली, मिस, त्यात सासू नाहीये, घोडा तर लगेच मरतो. भाची म्हणाली, आहे. ती म्हणाली, नाही. टीचर बिचाऱ्या शांतपणे म्हणाल्या, पुस्तक तुझ्याकडेच आहे ना, कोणत्या पानावर आहे ते दाखव.

आणि माझी भाची सगळ्या वर्गासमोर उभी राहून पानं उलटत बसली. तिला ते इंग्रजी धड वाचता येत नव्हतं, ती फक्त घोडा शोधत होती. सापडला तो मेलेला. तोवर वर्ग पुन्हा हसायला लागला होता, पण आता वेगळं हसत होता. घंटा झाली. टीचर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, तुझी कल्पनाशक्ती फार छान आहे.

“म्हणजे मी खोटं बोलली असंच ना?” भाची ओरडली. “सगळ्यांना तसंच वाटून राहिलं! मी शोधत होती, मामा! मी शोधत होती!”

अक्का आतून आली होती. माझ्याकडे बघत होती. समोरच्या गच्चीवरून आजीही बघत होत्या. एखाद्या भल्या माणसानं इथे मान खाली घातली असती.

मी म्हणालो, “अगं, ही इकडची आवृत्ती असणार! भारतात छापताना सासूचा भाग काढून टाकतात. मी वाचलेलं पुस्तक लंडनचं. त्यात घोडा शेवटपर्यंत जिवंत आहे.”

हे कुठून आलं ते मला माहीत नाही. तोंड उघडलं आणि आलं. माझ्या बाबतीत नेहमी असंच होतं, आणि नेहमी मला त्याचं कौतुक वाटतं.

भाची ओरडायची थांबली. हातातलं पुस्तक तिनं हळूच खाली घेतलं. मी रोज ज्या पुस्तकात बघून सांगत होतो ते तेच होतं, लंडनचं नव्हे, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. तिला ते लक्षात आणायचं नव्हतं. तिच्या सगळ्या चेहऱ्यावर उजेड आला.

“खरंच? मग आहे ना ती? मी सोमवारी टीचरला सांगते. सगळ्यांसमोर सांगते. लंडनच्या पुस्तकात आहे म्हणून.” ती अक्काकडे वळली. “आई, आहे गं ते! मी खोटी नाही!”

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, आणि प्रत्येक थाप ज्याला मारली त्याच्याच घरी राहिली. ही एक उठून, वेणी घालून, सोमवारी सकाळी शाळेत जाणार होती. खिडकीजवळच्या त्या मुलीसमोर उभी राहणार होती.

“नको,” मी म्हणालो. “नको सांगूस.”

“काहून?”

“लंडनचं पुस्तक नाहीये. मी हे वाचलेलंच नाही. पहिलं पानसुद्धा धड नाही.”

“पण तू रोज त्यात बघून सांगत होता.”

“बघत होतो. कळत नव्हतं. त्यातले विनोद मला कळत नाहीत गं. म्हणून मी मनाचं सांगितलं.”

मला वाटलं होतं, ती रडेल, निदान पुस्तक फेकून मारेल. मनगट दुखवणारं होतं, चांगलं लागलं असतं.

“तुला इंग्रजी येत नाही?” तिनं विचारलं.

“येतं. हसायचं येत नाही.”

ती आत गेली. दप्तर पाठीवरच होतं. अक्का दारात तशीच उभी. मी म्हणालो, “मी शाळेत जाऊन टीचरना भेटतो. समजावून सांगतो त्यांना.”

“सरी,” अक्का कन्नडमध्ये ‘बरं’ म्हणाली, “म्हणजे तिथे जाऊन तू आणखी काहीतरी सांगशील.” मग जाताना म्हणाली, “तुझ्या हातात पुस्तक बघितलं, तेव्हा मला वाटलं, या वेळी तरी भागायला लागणार नाही.”

एवढंच. अक्कानं मला झोडपून काढलं असतं तर मी ती गोष्ट आज चौपट करून हसत सांगितली असती. तिनं मला तेवढंही भांडवल दिलं नाही.

पुढचा आठवडाभर आमच्या व्हरांड्यात संध्याकाळ झाली आणि गेली. भाची आतल्या खोलीत गणितं करत बसायची. गणितात उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं. तिच्या टीचरनी तिला पुढच्या महिन्यात पुन्हा पाळी देऊ केली होती, पुस्तक कोणतंही चालेल म्हणाल्या होत्या. भाची अक्काला म्हणाली, मी नाही उभी राहणार, मी पुस्तकच नाही वाचणार. मी भिंतीपलीकडे बसून ऐकलं. मी विनोदी माणूस आहे असं सारं बनशंकरी समजतं, आणि माझ्या घरात एक हसणारी मुलगी होती ती मी गणिताला लावली होती.

ती जाड कादंबरी मी उघडली. कॉफी घेऊन, मोबाइलवर शब्दकोश लावून. ऑफिसातून आल्यावर एक पान, कधी अर्धं. कळल्यावरही हसू येत नव्हतं, पण हळूहळू लेखक कुठे डोळा मिचकावतोय ते कळायला लागलं. घोडा मेला त्या पानावर पोचलो तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. चांगला घोडा होता. मी त्याला ओळखतही नव्हतो.

एका रविवारी सकाळी मी भाचीच्या खोलीच्या दाराशी गेलो. “ते शेळीचं पुस्तक,” मी म्हणालो. “मुकुटवालं. जायचं का आणायला?”

तिनं मान वर केली नाही. “तू बोलणार नाही.”

“दुकानात?”

“कुठेच नाही. निघाल्यापासून परत येईपर्यंत.”

मी होकार दिला. असा होकार मी नोकरीच्या मुलाखतीतही दिला नव्हता.

रिक्षावाल्यानं मला कन्नडमध्ये विचारलं, कुठे जायचं. मी भाचीकडे बघितलं. तिनं पत्ता सांगितला, मध्येच “स्वल्प मुंदे, अण्णा” म्हणून त्याला पुढे घेतलं. हे ती कधी शिकली ते मला माहीत नव्हतं. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे कणवेनं बघत होता. उतरताना त्यानं माझ्याशी हातानं खुणा केल्या, जिन्याकडे बोट दाखवलं, सांभाळून म्हणून. मी हात जोडले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला मुका समजलं, आणि ही गोष्ट मला घरी पोचेपर्यंत कुणाला सांगतासुद्धा येणार नव्हती.

शेळी मी ढकलली होती तिथेच, मागच्या रांगेत होती. भाचीनं आधी ती उघडली. पहिलं पान पूर्ण वाचलं, ओठ हलवत. दुसरं वाचलं. मग मिटून काखेत धरली. माझ्याकडे बघितलंही नाही. मी काउंटरपर्यंत तिच्या मागे मागे गेलो.

घरी आल्यावर ती व्हरांड्यात बसली. मी आत जायला लागलो तर म्हणाली, “बस. पण ऐकायचं फक्त.”

ती वाचायला लागली. अक्षराखाली बोट ठेवून, अडखळत, आधी इंग्रजी आणि मग मराठी. एकेक वाक्य मोजून मापून, घेतलं तेवढंच परत देत. शेळीनं पहिल्यांदा महसूलमंत्र्याचा कागद खाल्ला, तेव्हा ती थोडी हसली, मीही हसलो, आणि या वेळी अर्धा श्वास उशिरा तीही होती आणि मीही. रोज दोन पानं. अक्का भाजी निवडायला तिथे येऊन बसायला लागली. मध्ये एकदा माझ्या तोंडात शेळीची नणंद येऊन उभी राहिली होती. चांगली होती हो, गालावर तीळ होता. मी तिला गिळली.

मग एका संध्याकाळी ती एका वाक्यावर थांबली. राजदूत शेळीला काहीतरी विचारतो आणि शेळी त्याला उत्तर देते, आणि सगळा दरबार हसून कोसळतो, असं लिहिलं होतं. भाचीनं ते इंग्रजीत वाचलं. पुन्हा वाचलं. मराठी करून बघितलं. दरबार कोसळत होता आणि आमच्या व्हरांड्यात आम्ही तिघं शेंगांचे दोरे काढत ढिम्म बसलो होतो. तिची पुन्हा पाळी यायचा शनिवार दोन दिवसांवर आला होता. ती उभी राहणार की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.

परवानगी नसताना मी तोंड उघडलं. “कळला का गं विनोद?”

“नाही,” ती म्हणाली. “पण नवव्या पानावर आहे.”